टाकीपाशी वळणारी बस

नकाशेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लहानपणी घराच्या पायरीवर, शाळेच्या बाकावर, बाबांनी आणलेल्या जुन्या कागदांच्या पाठीवर, जागा मिळेल तिथे हा मुलगा रस्ते काढायचा आणि तोंडाने घर्र घर्र करत त्यावरून बोटाची बस पळवायचा. पोरांनी नाव ठेवलं नकाशा. पुढे हाच मुलगा शिकून नगरपालिकेत वाहतूक नियोजनाच्या खुर्चीत बसला, तेव्हा नावाला साहेब चिकटलं, एवढंच. आता तर शिपायालाही त्यांचं खरं नाव विचारलं तर तो डोकं खाजवेल.

शहर लहान. एका टोकाला नदीवरचा पूल, दुसऱ्या टोकाला टेकडी, मध्ये बाजार, इस्पितळ आणि कचेऱ्या. अशा गावाला भुयारी रेल्वे वगैरे कोण देणार? इथे बस हेच सर्वस्व, आणि बस तरी कशा, तर डिझेलवरच्या, म्हाताऱ्या, खोकणाऱ्या. चढावर इतका धूर सोडायच्या की मागच्या सायकलवाल्याने शिवी द्यायला तोंड उघडलं तर शिवीच्या आधी धूर आत जायचा. एके काळी त्या टेकडीच्या माथ्यापर्यंत जात. मग धाप लागायला लागली, तशा अर्ध्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशीच वळायला लागल्या. टाकीच्या पुढची चढण म्हणजे अंगावर येणारी. वर माथ्यावर एक वस्ती, आणि वस्तीतल्या अगदी शेवटच्या घरात नकाशेसाहेबांची आई एकटी राहायची.

आई शिवणकाम करायची. गिऱ्हाइकं सगळी खाली बाजारात. शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन उतरायचं, शिवायच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन चढायचं, हा तिचा दिनक्रम. गुडघे कुरकुरायला लागले होते, ती मात्र कुरकुरत नव्हती. साहेबांची थोरली बहीण, ताई, खाली बाजारामागे राहायची. ती आली की एकच पालुपद लावायची.

"आई, बास झालं आता. माझ्याकडे चल."

"तुझ्याकडे येऊन काय करू? खिडकी उघडली की समोर शेजाऱ्याचा सांडपाण्याचा पाइप. इथे माझं मशीन आहे, माझी खिडकी आहे. सकाळपासून उजेड असतो. सुईत दोरा ओवायला मला अजून चष्मा लागत नाही, ते या उजेडामुळे."

"मग बस चढत-उतरत! एक दिवस पडशील, मग कळेल."

नकाशेसाहेब मध्ये पडले. "ताई, जरा दम धर. विजेच्या बस येतायत. धूर नाही, आवाज नाही, चढ म्हणजे तर त्यांना काहीच वाटत नाही. टेकडीचा मार्ग मी माथ्यापर्यंत धरलाय. आईच्या दारात बस आणतो की नाही ते बघ."

"मोठ्या बाता," ताई म्हणाली. "आणलीस तर मी पुन्हा आईला चल म्हणणार नाही."

"पहिली सीट आईची," साहेब म्हणाले. त्या दिवशी आईने दोन वेळा चहा केला.

या नव्या बसची चाचणी घ्यायची एक रीत असते. रस्त्यावर पहिल्यांदा धावताना तिच्यात माणसं बसवत नाहीत. माणसाच्या वजनाची वाळूची पोती भरायची, एकेका सीटवर एकेक ठेवायची, पट्ट्याने बांधायची, आणि मग भरल्या गाडीला चढ किती जड जातो, बॅटरी किती उतरते, ते बघायचं. डेपोतल्या लोकांना तेवढंच निमित्त हवं होतं. त्यांनी पोत्यांवर खडूने नाक-डोळे काढले. एका पोत्याला मिशा काढून त्याला कंडक्टरच्या मागची जागा दिली आणि त्याला नगरपालिकेचे सदस्य म्हणायला सुरुवात केली. ड्रायव्हर तर भलताच खूश. "साहेब, असे प्रवासी जन्मभर मिळोत. सुटे मागत नाहीत, खिडकी उघडू की बंद करू यावरून भांडत नाहीत, आणि मध्येच थांबव म्हणून पाठीत बोट खुपसत नाहीत."

बस माथ्यावर गेली ती अशी गुपचूप, की वस्तीला ती वळणावर दिसल्यावरच कळलं. मग सगळे बाहेर. शेजारची नर्सबाई मुलीला कडेवर घेऊन आली. ती इस्पितळात कामाला होती, पाळी संपवून रोज टाकीपासून वर चढायची. आई गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत ठेवून धावत आली.

"अगंबाई, आली की! खरंच आली!" मग तिने खिडकीतून आत पाहिलं. "ही कोण मंडळी?"

"वाळूची पोती आहेत, आई."

"म्हणजे पोती बसून वर आली, आणि मी इतकी वर्षं चालतेय?" सगळे खो खो हसले. आईला आणखी चेव चढला. तिने दाराची दांडी धरली आणि एक पाय पायरीवर ठेवला. "असं कर, एक पोतं उतरव. त्याच्या जागी मी बसते. वजनाचं काय, भरेल सारखंच. बाजारापर्यंत सोड मला."

"बसा की काकू!" ड्रायव्हर म्हणाला. "त्या मिशीवाल्याला उतरवतो."

आणि इथे नकाशेसाहेबांनी हात आडवा धरला. "नाही, नाही. चाचणीत प्रवासी बसवायचा नाही, नियम आहे. आणि उद्या लोक काय म्हणतील? साहेबाने आईला फिरवायला नगरपालिकेची बस काढली?"

चेष्टेचं वारं गेलं. आईने पायरीवरचा पाय खाली घेतला, दांडीवरचा हात काढला. पण क्षणभरच. लगेच मान वर करून शेजाऱ्यांना म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. बापावर गेलाय हो माझा मुलगा!"

बापाची गोष्ट सगळ्या वस्तीला पाठ होती. बाबा होते तिकीट तपासनीस. एकदा टेकडीच्या बसमध्ये चढले, तपासत तपासत मागे गेले, तर मागच्या सीटवर बायको बसलेली, बिनतिकिटाची. पैशांची पिशवी गिऱ्हाइकाकडे विसरून आली होती बिचारी. दुसरं कुणी असतं तर नजर चुकवून पुढे गेलं असतं. बाबांनी भर बसमध्ये दंडाची पावती फाडली, बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "बस सगळ्यांची असते." झालं! ही गोष्ट त्या घरात वाढदिवसाला सांगितली गेली, ताईच्या लग्नात सांगितली गेली, बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्यांनी डोळे पुसत सांगितली. सांगणारा नेमका पावतीपाशी थांबायचा, ऐकणारे हसायचे, "वा, याला म्हणतात माणूस!" म्हणायचे, आणि आईसुद्धा हसायची. नकाशेसाहेब लहान असताना तर झोपण्याआधी हीच गोष्ट मागत. दुसऱ्या मुलांना राक्षस लागायचे, यांना पावती लागायची.

चाचणी उत्तम झाली. बॅटरी शिल्लक राहिली. साहेबांनी लोकांच्या सभेत माथ्यापर्यंत बस येणार असं जाहीर करून टाकलं. घाई केली. आता पोत्यांचं एक असतं, की पोती दर थांब्यावर चढत-उतरत नाहीत. त्यांच्यासाठी दारं उघडावी लागत नाहीत, गरम हवा आत येत नाही, एसी पुन्हा पुन्हा जोर लावत नाही. पोतं कधी "जरा थांबा हो, आजोबा येतायत" म्हणत नाही. दुसरी चाचणी डेपोच्या माणसांना प्रवासी करून घेतली, ऐन उन्हाळ्यात, प्रत्येक थांब्यावर थांबून. तेव्हा संध्याकाळच्या फेरीला बॅटरी तळाला लागली. उतारावर थोडी वीज परत मिळते, पण चढाला गेलेली सगळी नाही. डेपोच्या दारात गाडी शिरली तेव्हा ड्रायव्हरच्या समोरचा लाल दिवा मघापासून लुकलुकत होता.

म्हणजे कुठला तरी एक टप्पा कापायचा. दोनच टप्पे कापण्यासारखे होते. एक, टाकीपासून माथ्यापर्यंतचा चढ. दुसरा, नव्या वसाहतीतून जाणारा लांबलचक फेरा. नव्या वसाहतीत प्रत्येक घरापुढे गाडी उभी, तिथून बस जायची ती रिकाम्या सीटांना वारा घालत. माथ्यावर मात्र गाडी कुणाकडेच नाही. तिसरा उपायही होता, माथ्यावरच चार्जर बसवायचा, म्हणजे बस वर पोचली की जरा वेळ वीज पिऊन घेईल. पण त्यासाठी वर मोठी वीजवाहिनी न्यावी लागणार, आणि वीज कंपनीच्या कामाला वर्ष लागेल की तीन, हे देवालाही सांगता आलं नसतं. तोवर एकाला तरी पाणी सोडणं भाग होतं. साहेबांनी रात्रंदिवस डोकं घालून आराखडा केला, आणि आकडे इतके स्वच्छ होते की शेंबड्या पोरालाही कळावेत. वसाहतीचा फेरा कापायचा, माथा ठेवायचा.

हाच आराखडा घेऊन ते नगरपालिकेच्या सभेला गेले. लांब टेबल, झाकण घातलेले पाण्याचे पेले, हात लावला की किंचाळणारा माइक. साहेबांनी नकाशा भिंतीवर लावला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच नव्या वसाहतीचे सदस्य खुर्चीत रेलून म्हणाले, "साहेब, एक विचारू? राग मानू नका हं. माथ्यावर शेवटचं घर कुणाचं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. "म्हणजे बस थेट मातोश्रींच्या दारात!" मागून एक आवाज आला.

अध्यक्षबाई करड्या शिस्तीच्या होत्या. त्यांनी टेबलावर पेन आपटलं. "हसायला काय झालं? घर कुणाचंही असो. आकडे काय म्हणतात ते सांगा, साहेब. मला तेवढंच हवंय."

बास, एवढंच करायचं होतं. हातातला कागद वाचायचा होता. हसणारे दोन मिनिटं हसले असते, मग गप्प बसले असते, आणि अध्यक्षबाईंनी सही केली असती. पण नकाशेसाहेबांचे कान तापले. भिंतीवरच्या स्वतःच्याच नकाशात त्यांना टेकडी दिसेना, बाबांच्या हातातली पावती दिसायला लागली. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "माथ्याचा टप्पा तूर्त वगळू या. बस टाकीपाशी वळेल. वसाहतीचा फेरा राहू द्या."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "आकडे तर उलटं म्हणतायत. नक्की?"

"नक्की."

सभा संपल्यावर तेच सदस्य हात मिळवायला आले. "मानलं बुवा तुम्हाला. असा माणूस आजकाल शोधून सापडत नाही." साहेबांची छाती, खोटं कशाला बोला, जरा फुगली.

अरे पण शहाण्या, तुला त्याग करायला सांगितलं होतं कुणी? आणि त्याग कुणाचा, तुझा? माथ्यावर तुझी आई एकटीच राहत होती का? नर्सबाई होती, तिची मुलगी होती, म्हातारेकोतारे होते, एवढी घरं होती. आपल्या आईला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून याने सगळ्या वस्तीच्या पायावर धोंडा टाकला. लाच खाणाऱ्याला पकडता तरी येतं, अशा माणसाला कुठे पकडणार? उलट त्याची पाठ थोपटतात.

संध्याकाळी ते आईकडे गेले, टाकीपासून चालत, घामाघूम होऊन. आई मशीनवर होती. त्यांनी सगळं सांगितलं. मशीन थांबलं. आईने दोरा दाताने तोडला, कापड झटकलं, उगाच उजेडात धरून शिवण तपासली.

"बरोबर केलंस," ती म्हणाली. "बस सगळ्यांची असते."

"मी रविवारी येत जाईन तुझी गाठोडी न्यायला."

"ये. पण रविवारी बाजार बंद असतो," आई म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

नव्या बस धावायला लागल्या. गावाला त्यांचं कौतुक किती! मुख्य रस्त्यावरच्या झाडांची पानं पहिल्यांदाच हिरवी दिसायला लागली. दुसऱ्या गावांचे अधिकारी बघायला आले, छोट्या शहराने हे जमवलं तरी कसं म्हणून तोंडात बोटं घालून गेले. साहेब त्यांना भिंतीवरचा नकाशा दाखवायचे, सगळं नीट समजावून सांगायचे, फक्त टेकडीच्या रेषेवर आले की जरा भरभर बोलायचे. वीज कंपनीकडे मात्र ते खेटे घालत राहिले. साहेब म्हणून नव्हे, एखाद्या गरजवंतासारखे बाकावर बसून.

वर काय चाललं होतं? एक दिवस नर्सबाई आईकडे आली. चप्पल काढून दारातच बसली, इतकी दमली होती.

"काकू, तुम्ही एक शब्द टाका ना साहेबांकडे. संध्याकाळची एकच फेरी वर येऊ दे. मुलगी आता कडेवर मावत नाही, आणि चढण तिला चढवत नाही."

"मी मुलाच्या कामात तोंड घालत नाही," आई म्हणाली.

"स्वतःसाठी नका सांगू हो. माझ्यासाठी सांगा."

"आमच्या घरात वशिला चालत नाही, बाई. तुझ्यासाठी पाणी आणू?"

नर्सबाईने पाणी घेतलं नाही. थोडा वेळ बसली आणि उठून गेली. पुढे तिने इस्पितळाजवळ खोली घेतली. तिच्यामागून आणखी दोन घरं उतरली. माथ्यावर संध्याकाळी दिवे कमी दिसायला लागले, आणि आईला बोलायला शेजार उरला नाही.

मग व्हायचं तेच झालं. एका दुपारी गाठोडं घेऊन वर येताना आई चढणीच्या कठड्यावर टेकली, आणि तिला उठताच येईना. पडली नाही, काही नाही, नुसते गुडघे म्हणाले, आता पुरे. तशीच उन्हात बसून राहिली. ओरडून कुणाला हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं. वस्तीतल्या दोघांनी पाहिलं, घरून खुर्ची आणली, तिला बसवून टाकीपर्यंत उतरवलं, आणि टाकीपासून त्याच नव्या, बिनआवाजाच्या बसने ती इस्पितळात पोचली.

साहेब धावत गेले तेव्हा ताई आधीच तिथे होती. तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाबांनी पावती फाडली, तू बसच फाडलीस. काय घराणं आहे आपलं! आई आता माझ्याकडे राहील. तू मध्ये बोलायचं नाहीस."

"त्याला बोलू नकोस गं," आई खाटेवरून म्हणाली.

"तूच लाडावून ठेवलंयस याला. आणि याच्या त्या न्यायालासुद्धा!"

आईचं मशीन ताईकडे आलं. पाइपासमोरच्या खिडकीत बसलं. आई दिवसाढवळ्या दिवा लावून शिवायला लागली, आणि थोड्याच दिवसांत तिला चष्मा लागला. टेकडीवरचं घर ताईने एका नव्या जोडप्याला भाड्याने दिलं. आईने त्यांना पाहिलंही नव्हतं.

आणि वीजवाहिनी आली. आता आली! माथ्यावर चार्जर बसला, रस्ता रुंद झाला, टाकीपाशी वळणाऱ्या बसच्या पाटीवर माथ्याचं नाव लागलं. पहिल्या दिवशी सकाळी नकाशेसाहेब ताईकडे गेले.

"आई, चल. पहिली सीट तुझी म्हणालो होतो."

"आता वर कोण आहे माझं?" आई म्हणाली. पण उठली. चांगली साडी नेसली, चष्मा पुसला. ताई दारात हाताची घडी घालून उभी होती, तरी तिने आईला धरून पायऱ्या उतरवल्या.

नव्या बसला खाली वाकता येतं, थांब्याच्या उंचीला येता येतं. आईला पाय उचलावाच लागला नाही. पहिल्या सीटवर बसली, शेजारी साहेब. कंडक्टर पुढे आला. "आजींचं तिकीट कशाला, साहेब? आज तर..."

"नाही, नाही. दोन द्या," साहेबांचा हात खिशात गेलाही होता.

आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे केलं.

बस टाकीपाशी आली, वळली नाही. चढणीला लागली. ना धूर, ना धाप. आई कठड्याकडे बघत होती. माथ्यावर गाडी थांबली, चार्जरचा दांडा टपावर टेकला, ड्रायव्हर म्हणाला, "जरा वेळ लागेल हं," आणि खाली उतरला.

समोर शेवटचं घर. "दार हिरवं केलं की," आई म्हणाली. खिडकीत मशीनच्या जागी एक पाळणा होता. तेवढ्यात दार उघडून एक तरुण बाई पिशवी सावरत आली आणि बसमध्ये चढली. तिला कोण कुठली ही म्हातारी, काय माहीत? आपली आनंदाने बोलायला लागली.

"किती बरं झालं हो आजी, बस वर आली! नाहीतर आम्ही सोडणारच होतो हे घर. बाळाला घेऊन कोण चढणार रोज?"

"हो ना," आई म्हणाली. "उजेड छान येत असेल नाही त्या खिडकीतून?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकलंय."

ती बाई मागे जाऊन बसली, फोनवर बोलायला लागली. साहेब आईकडे वळले.

"आई, चुकलं माझं."

"हो, चुकलं," आई म्हणाली. ती 'नाही रे' म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. "आकडे वाचले असतेस तर बरोबर झालं असतं. तू लोकांना भ्यालास. तुला वाटलं, आपण आईला सोडलं, आपण मोठे. त्यात नर्सबाई भरडली गेली. आणि तिने माझ्या दारात येऊन मागितलं, तेव्हा मीसुद्धा मोठेपणाच मिरवला. पाणी आणू का म्हणे! मला तिचं तोंड आठवलं की अजून जेवण जात नाही."

"पण तू तर म्हणालीस, बरोबर केलंस."

"काय म्हणणार होते? जन्मभर तेच म्हणत आले." आईने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "तुझ्या बाबांची ती पावतीची गोष्ट."

"हो?"

"ती तुम्ही सगळे पावतीपाशी थांबवता. पावती हातात घेऊन मी पुढे काय केलं, ते कधी कुणी विचारलं? अख्खी बस माझ्याकडे बघत होती. मला बसवेना. पुढचा थांबा आला, इस्पितळाचा, तिथे उतरले आणि चालत घरी आले. बाजार, टाकी, चढण, सगळं पायी. एका हातात गाठोडं."

"आणि बाबा?"

"ते दारातच उभे होते. मला उतरताना पाहिलं त्यांनी. घंटी मारली, बस गेली. मी घरी पोचले तेव्हा त्यांची शेजाऱ्यांना गोष्ट सांगून झाली होती, सगळे हसत होते. मग मीही हसले. एकदा हसलं की मग रडायचं कसं, सांग बरं?"

साहेबांनी हातातल्या तिकिटांची घडी घातली.

"तू होतास बरोबर," आई म्हणाली. "कडेवर. तुला काय आठवणार, झोपला होतास. चढणीवर फार जड झालास, तेव्हा त्या कठड्यावर टेकले होते जरा."

ड्रायव्हर चढला. टपावरचा दांडा वर गेला. "निघायचं ना साहेब?"

"उतरतेस का, आई? घर बघून येऊ."

"नको. चल." तिने चष्मा पुन्हा लावला. "आता ती गोष्ट कुणाला सांगशील, तर शेवटपर्यंत सांग."

बस उताराला लागली. ही चढण नकाशेसाहेबांनी किती वेळा मोजली होती, तिची लांबी, तिचा उतार, तिला लागणारी वीज, पोती भरून आणि माणसं भरून. ती आपण एकदा आईच्या कडेवरून चढलो होतो, हे त्यांना आज कळलं.